मादलेनची वर्तमानपत्रं

१० जून १९७४, सोमवार. सातारा

ही वही शाळेच्या कपाटातली, दोनशे पानी. मुलींच्या निबंधांसाठी आणली होती. आज घरी ठेवून घेतली, कारण जे लिहायचं आहे ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

सकाळी पोस्टमन गुंडानं एक पुडकं आणून दिलं. तपकिरी कागद, सुतळी आणि तिकिटं फ्रान्सची. पाठवणाऱ्याचं नाव M. Ferrand, गाव लियाँ. पलटणीचा पत्ता खोडून त्यावर आमचा लिहिला होता: सुभेदार नाथाजी अमुक तमुक, सातारा. म्हणजे आमचे हे. अठ्ठावीस वर्षं सैन्याच्या दवाखान्यात नर्सिंगचं काम करून मार्चमध्ये निवृत्त झाले. आता सकाळी एका डॉक्टरांकडे कंपाउंडरी करतात. मुलगा कऱ्हाडला हॉस्टेलवर असतो, त्यामुळे घरात आम्ही दोघंच.

यांनी पुडकं घेतलं आणि मागच्या पडवीत जाऊन सुतळीची एकेक गाठ सोडवली. मी असते तर विळीनं कापली असती. आत चार फ्रेंच वर्तमानपत्रं होती. जागोजागी शब्दांखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या.

"कुणाकडनं आलं?"

"काँगोतली ओळख हाय."

"कोण?"

पान उलटत म्हणाले, "हास्पिटलात होती."

होती. मी नीट ऐकलं. होता नाही, होती.

काँगोत हे एकसष्ट-बासष्ट साली होते, भारताच्या तुकडीबरोबर. म्हणजे ही पुडकी बारा वर्षं पलटणीच्या पत्त्यावर येत असणार. मला आज दिसली, इतकंच.

११ जून

चार ते पाच पडवीत वर्तमानपत्र. आज मी स्वयंपाकघरातून पाहिलं. चहा झाला, तांदूळ निवडून झाले, आमटीला फोडणी पडली, तरी यांनी पान उलटलं नव्हतं. एकच पान तासभर! असं काय आहे त्यात, की पुन्हापुन्हा वाचावंसं वाटतं? माझी पत्रं हे उभ्याउभ्या वाचायचे, आणि ती खिशात घालून कपड्यांबरोबर धुवायला टाकायचे.

१३ जून

हे दवाखान्यात गेल्यावर मी वर्तमानपत्रं काढली. आपलीच लाज वाटत होती, पण काढली. एका पानावर सहा शब्दांखाली रेघा. इंग्रजी मला येतं. पी-ए-आय-एन, पेन. दुःख. पुढच्या पानावर सी-एच-ए-टी, चॅट. गप्पा. बाकीचे शब्द कळले नाहीत.

म्हणजे सांकेतिक भाषा आहे. तिला दुःख आहे आणि यांच्याशी बोलायचं आहे. शब्द उतरवून घेतले. वर्तमानपत्रं होती तशीच घडी घालून ठेवली.

मी अठरा वर्षं मुलींना वाचायला शिकवते. आणि माझ्याच घरात माझ्या डोळ्यांदेखत असं काही येतं, जे मला वाचता येत नाही.

२२ जून, शनिवार. सांगली

दुपारची शाळा सुटल्यावर एसटीनं माहेरी आले. यांना सांगितलं, आईच्या गुडघ्यांना तेल लावायला जाते. ते खरंही आहे. पण आई आणि आप्पासोदादाकडे पिशवी टाकून थेट त्रिशलाकडे गेले. ती माझी कॉलेजातली मैत्रीण. तिचे सासरे तात्यासाहेब यांचं पाँडिचेरीला बावीस वर्षं कापडाचं दुकान होतं, तिथं फ्रेंचांचं राज्य होतं तेव्हा. आता हळदीच्या पेठेतला व्यवहार मुलावर सोपवून घरीच असतात. सूर्यास्ताच्या आत जेवतात आणि जेवण झालं की बोलत बसतात.

चिठ्ठी पुढं केली. त्यांनी चष्मा लावला.

"हे पेन न्हवं बाई. पँ. पँ म्हंजे पाव."

"पाव?"

"खायाचा पाव. आणि हे शा. शा म्हंजे मांजर. हे मँ, हात. हे दमँ, उद्या." त्यांनी मान वर केली. "हे कुणी लिवून दिलं तुमाला?"

"शाळेतल्या एका मुलीला हवं होतं."

त्रिशलानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

पाव, मांजर, हात, उद्या. प्रेमात पडलेली बाई असले शब्द कशाला पाठवेल? पण कोडं सुटलंय कुठं! हात आणि उद्या एकत्र ठेवून बघावेत.

तात्यासाहेब म्हणाले, "शिकायचं असंल तर पुस्तकाच्या नादी लागू नका. वर्तमानपत्रावर शिका, मी तसाच शिकलो. बातमीत कोन, कुठं, कवा, येवढंच असतंय. शब्द सापडला की धागा लागतो."

त्यांनी त्यांचा जुना शब्दकोश दिला. पाठीला कापडाची पट्टी चिकटवलेला.

७ जुलै

एक जुनं वर्तमानपत्र वह्यांच्या गठ्ठ्यात लपवून शाळेत नेलं आणि मधल्या सुट्टीत उघडलं. पहिल्या पानावर काळ्या जाड अक्षरांत एक ओळ. त्यात 'मॉर' हा शब्द. म्हणजे मृत्यू. मग एकेक शब्द शोधत गेले. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष वारले, एप्रिलच्या सुरुवातीची बातमी. दहा ओळींना दोन दिवस लागले, पण दहाव्या ओळीला कोशाची गरज पडली नाही!

इतका आनंद झाला की शिक्षकांच्या खोलीत कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मग लाज वाटली. एक माणूस गेल्याची बातमी कळली म्हणून मी हसत होते.

२० जुलै, शनिवार

"आज बी सांगली?" यांनी विचारलं.

"आईचे गुडघे."

"मी येऊ का? बघतो जरा गुडघं."

"तुम्ही कशाला? विश्रांती घ्या."

 मग माझी पिशवी उचलून स्टँडपर्यंत आले आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभे राहिले. गाडी वळली तरी उभे होते. मी खरंच जाते की नाही, याची खात्री करत असावेत. घर रिकामं मिळावं म्हणून.

११ ऑगस्ट, रविवार. सातारा

काल सांगलीत मी हसून हसून रडले.

पुडक्याचा कागद तात्यासाहेबांना दाखवला. विचारलं, एम म्हणजे मारी असेल की मार्गारेट?

"मारी न्हाई आणि कोन न्हाई. एम आणि टिंब म्हंजे मस्य. आपल्यात श्रीयुत लिवतात तसं. ह्यो बाप्या हाय."

श्रीयुत फेराँ! दोन महिने मी एका श्रीयुतावर जळत होते. आणि यांचं ते 'होती'? काँगोतली ओळख हॉस्पिटलात होती. ओळख स्त्रीलिंगी! मराठी शिकवते मी, आणि मला हे कळू नये.

येताना स्टँडवर यांच्यासाठी भडंग घेतलं. यांनी पुडी हातात धरली आणि विचारलं, "आज लय खूश हाय?" मी म्हटलं, हो. तर यांचा चेहरा का उतरला कळलं नाही.

२५ ऑगस्ट

त्रिशला म्हणाली, "सुले, आता एम कोण ते कळलं. मग दर पंधरवड्याला कशाला येतेस?"

 नव्या पुडक्यात मे महिन्याचे अंक आलेत. एकात 'लँद' शब्द दिसला. म्हणजे हिंदुस्थान. पोखरणच्या स्फोटाची बातमी. वर एक लेख होता, की इतक्या गरीब देशाला हे शोभतं का. वाचून अंगाचा तिळपापड झाला. भांडावंसं वाटलं, आणि भांडायला लागणारे फ्रेंच शब्दही सुचले. पण घरात ज्यांच्याशी बोलावं त्यांचंच ते वर्तमानपत्र, आणि ते मी चोरून वाचलेलं.

१९ ऑक्टोबर

यांना ताप. काँगोतला जुना मलेरिया, थंडी वाजून येतो. दुपारी मी कपाळावरच्या पट्ट्या बदलत होते. डोळे मिटलेले. ओठ हलले.

"मादलेन." मग थोड्या वेळानं, "दमँ, मादलेन."

जूनमध्ये हे ऐकलं असतं तर बडबड समजून सोडून दिलं असतं. आता कळतं. उद्या, मादलेन. उद्या काय? उद्या भेटू? उद्या जाऊ नकोस?

भाषा येत नव्हती तेव्हा मी बरी होते.

पट्टी बदलली, औषध दिलं. 

२४ जानेवारी १९७५, शुक्रवार

हे भावाकडे मेढ्याला गेलेत, भाताच्या वाटणीचं काहीतरी आहे. सोमवारी येतील. आज गुंडानं पाकीट दिलं. पुडकं नाही, हवाई टपालाचं पाकीट. वर तेच नाव, M. Ferrand.

दहा मिनिटं धरून बसले. मग चहाच्या आधणावर धरलं.

कोशाशिवाय निम्मं कळलं. बाकीचं कोश घेऊन. असं आहे:

"महाशय, आपण मला ओळखत नाही. मी मादलेनचा नवरा. गेली बारा वर्षं दर रविवारी ती माझ्या वर्तमानपत्रावर आपल्यासाठी सोपे शब्द अधोरेखित करते, आणि सोमवारी मी ते टपालात टाकतो. मी कधी काही विचारलं नाही. तीही काही बोलली नाही, एवढंच म्हणाली, की हा माझा विद्यार्थी, त्याला वाचायला शिकवायचं राहून गेलं. नोव्हेंबरपासून तिला पेन्सिल धरवत नाही. मागच्या दोन अंकांवरच्या रेघा माझ्या आहेत. डॉक्टर काही आशा देत नाहीत. आपलं उत्तर कधीच आलेलं नाही. एक ओळ लिहाल का? ती विचारत नाही, पण टपालाची वेळ झाली की दाराकडे बघते."

म्हणजे बाईच होती.

२७ जानेवारी, सोमवार

हे आले. पाय धुतले. विचारलं, "काय टपाल आलं का?"

"नाही," मी म्हटलं.

पाकीट गव्हाच्या डब्यात आहे. दाराकडे बघते म्हणे! मी नाही का बघितलं दाराकडे? ते काँगोत असताना सहा महिन्यांत मला तीन पत्रं आली. त्याच दिवसांत हे कुणाचे तरी विद्यार्थी झाले होते.

२९ जानेवारी

शाळेतून येताना लांबून पाहिलं. हे फाटकापाशी गुंडाशी बोलत होते. मी पोचले तेव्हा गुंडा निघून गेला होता. यांनी माझी पिशवी घेतली आणि म्हणाले, "आज काय शिकवलंस पोरींस्नी?" वीस वर्षांत असं कधी विचारलं नाही. मी सांगितलं, विभक्ती. "बरं," म्हणाले. माझ्याकडे बघत राहिले. मग पडवीत गेले, आणि वर्तमानपत्र न उघडताच बसले.

१ फेब्रुवारी, शनिवार

सांगलीला गेले नाही. तात्यासाहेबांपुढं बसून कुठलं तोंड दाखवू? तिला बारा वर्षांचे रविवार मिळालेत. मला थोडे दिवस मिळाले तर काय बिघडलं, असं मनाशी म्हणते. दर वेळी म्हणावं लागतं.

यांनी आज पुन्हा विचारलं, "काय आलं का?" अगदी हळू. मी पुन्हा नाही म्हटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पाकीट दिलं.

सकाळी गहू काढताना ते हाताला लागलं आणि पुन्हा वाचलं. आधी मी त्यात फक्त तिलाच वाचलं होतं. आज त्याला वाचलं. मी कधी काही विचारलं नाही, असं लिहिणाऱ्या श्रीयुतांना. तेही माझ्यासारखेच जळले असणार. पण ते दर सोमवारी उठून पुडकं टपालात टाकत होते, आणि मी आयतं आलेलं पाकीट गव्हात पुरलं.

चार वाजता पडवीत जाऊन यांच्यापुढं धरलं. यांनी घेतलं, उलटसुलट केलं. ते फोडलेलं आहे, याबद्दल शब्द काढला नाही.

"वाच," म्हणाले.

"तुमचं आहे. तुम्हीच वाचा."

"मला वाचता येत न्हाई, सुला."

मला वाटलं थट्टा करतात.

"अक्षरं कळतात. आर्मीत रोमन शिकलो तवा. पर अर्थ लागत न्हाई. पँ, मँ, शा, असं धा-वीस शब्द येतात. बाकी नुस्तं बघतो."

"मग तासतासभर काय करता?"

"तिनं रेघ मारल्याला शब्द आनिक कुठं हाय का, हुडकत बसतो. एका पानात दोनदा घावला की बरं वाटतं."

मी पत्र वाचलं. फ्रेंचमध्ये एकेक वाक्य, मग मराठीत. नोव्हेंबरच्या वाक्यापाशी यांनी हात वर केला, मी थांबले. थोड्या वेळानं म्हणाले, "हं." मी पुढं वाचलं.

झाल्यावर यांनी पत्र हातात घेतलं. मग विचारलं, "तुला कवापासनं येतंय हे?"

"जूनपासून."

"सांगली?"

"तात्यासाहेब शिकवतात. त्रिशलाचे सासरे. पंचाहत्तरीचे आहेत."

"पंचाहत्तर," हे म्हणाले. मग तोंडावरून हात फिरवला. "आनि मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काय न्हाई."

मग मी विचारलं. सरळ विचारलं, कोण होती ती.

"नर्सबाई होती. रेडक्रॉसची. दुपारी पेशंट झोपलं की मला एक बातमी वाचून दावायची. मी म्हनायचो, एवढं फ्रेंच कानावर पडतं, डोळ्यानं एक शब्द वाचता येत न्हाई. ती म्हनायची, दमँ. उद्या येईल. रोज दमँ." थांबले. "बाकी काय न्हाई. पर परत येताना विमानात रडलो मी. तेवढं तुला सांगायचं राहिलं."

बाकी काही नाही, यावर माझा विश्वास आहे. पण विमानातल्या रडण्याला मी कोणत्या खणात ठेवू?

५ फेब्रुवारी

काल संध्याकाळी उत्तर लिहायला बसलो. हे सांगत, मी लिहीत.

"लिही, मी नाथाजी. निवृत्त झालो. तब्येत बरी हाय. तुमची वर्तमानपत्रं समदी जपून ठेवलीत."

फ्रेंचमध्येही 'तू' वेगळं आणि 'तुम्ही' वेगळं. मी लेखणी थांबवली. "तिला तू लिहू की तुम्ही?"

"ती मला तू म्हनायची. मी तिला तुमी."

मी 'वू' लिहिलं. तुम्ही. किती बरं वाटलं ते कुणाला कळू नये.

"आनि लिही, उत्तर दिलं न्हाई, कारन लिवता येत न्हवतं, आनि दुसऱ्याकडनं लिवून घ्यायची लाज वाटत होती. आनि लिही, माझी बायको मला आता फुडचं शिकवती."

"हे कशाला?"

"लिही की."

लिहिलं. यांनी खाली रोमन अक्षरांत सही केली. आज शाळेत जाण्याआधी हवाई टपालानं टाकलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज पाकीट आलं. गुंडानं ते दोघांच्या देखत दिलं. आत काळ्या किनारीचं कार्ड आणि पत्र.

कार्ड वाचायला कोश लागला नाही. मादलेन फेराँ, परिचारिका, वय त्रेपन्न. सोमवार, १० फेब्रुवारी.

आकडे यांनाही वाचता येतात. मी काही बोलायच्या आधीच त्यांचं बोट तारखेवर होतं.

मग श्रीयुत फेराँचं पत्र वाचलं.  "आपलं पत्र पंधरा तारखेला आलं. मी ते तिच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून मोठ्यानं वाचलं. आपल्या पत्नीचं फ्रेंच वर्तमानपत्रासारखं आहे, सगळं कसं ठाम आणि लगोलग. मादलेनला ते आवडलं असतं, आणि तिनं त्यात निदान पाच चुका काढल्या असत्या. वर्तमानपत्रं पाठवणं थांबवू की चालू ठेवू, कळवावं."

मी मनातल्या मनात मोजत होते. पत्राला दहा दिवस लागतात. हे मेढ्याहून सोमवारी आले. त्या दिवशी पाकीट दिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर टाकलं असतं, तर सात तारखेला पोचलं असतं. तीन दिवस आधी.

"अहो," मी म्हटलं, "ते पहिलं पाकीट चोवीस जानेवारीला आलं होतं. मी चार तारखेला दिलं. अकरा दिवस."

"ठावं हाय."

"काय?"

"गुंडानं फाटकात सांगितलं. बाईंच्या हातात दिलं म्हनाला."

"मग मागितलं का नाही तुम्ही?"

"पहिल्या दिशी मागितलं असतं तर तू दिलं असतंस. मला मागून घ्यायचं न्हवतं. वाटायचं, आज देशील. दुसऱ्या दिशी वाटायचं, आज. मला कुठं ठावं आत काय लिवलंय."

"माझ्यामुळं झालं."

"तू लपवलं. मी बघत बसलो. दोघांनी मिळून घालवलं."

मी रडले. हे रडले नाहीत. उठून त्यांनी चुलीवरचं उतू जाणारं दूध उतरवलं.

एक गोष्ट इथं लिहून ठेवते, कारण वही याचसाठी काढली होती. ती गेली तरी मला तिचा हेवा वाटतो. आता तर जास्तच. तिच्या हातून कधी काही चुकलं नाही, आणि आता चुकणारही नाही.

२ मार्च, रविवार

सकाळी श्रीयुत फेराँना पत्र लिहिलं. या वेळी यांनी सांगितलेलं नाही, माझं मी. तात्यासाहेबांकडून तपासून घेणार नाही, चुका असतील तर असू देत.

लिहिलं, की वर्तमानपत्रं पाठवत राहावं. रेघा मारल्या तर उत्तम, नाही मारल्या तरी चालेल, इथं दोघंजण वाचतील. मग त्या पाकिटाबद्दल लिहिलं. कधी आलं, कुठं ठेवलं, का ठेवलं. 'मत्सर' हा शब्द फ्रेंचमध्ये लिहिला, त्याऐवजी सौम्य शब्द शोधला नाही.

हे शेजारी बसून बघत होते. विचारलं, "अकरा दिवस कुठं लिवलंस?"

मी बोट ठेवलं.

"कसं म्हनायचं?"

"ओंझ."

त्यांनी वाकून ती चार अक्षरं पाहिली. "ओंझ," मोठ्यानं म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. मग कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली, आणि डिंकाची बाटली माझ्या हातातून घेऊन पाकीट स्वतः चिकटवलं.